आईचा हात कानाशीच अडतो

(वाचक भगिनीच्या पत्राचा सारांश. ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.)

माझी आई ६८ वर्षांची आहे. सात आठवड्यांपूर्वी ती न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. हृदयाचे ठोके फारच मंद झाले होते, म्हणून दुसऱ्या दिवशी तिला डाव्या बाजूला पेसमेकर बसवला. घरी सोडताना ‘डावा हात जपा, वर उचलू देऊ नका’ असं सांगितलं. मी ते अक्षरशः पाळलं. हात दिवसरात्र स्लिंगमध्ये ठेवला. तरी दहाव्या दिवशी माझी पाठ वळली आणि तिनं वरच्या फळीवरचा डबा काढला. मी इतकी ओरडले की तिला रडू फुटलं. तेव्हापासून तिनं तो हात वापरणंच सोडून दिलं. आता स्लिंग अधूनमधूनच असतं, पण हात कायम पोटाशी धरलेला असतो. दोन आठवड्यांपासून खांदा दुखतोय, रात्री त्या कुशीवर वळली की जाग येते. केस विंचरायला हात नेला तर तो कानाशीच अडतो, त्यामुळे तिची वेणी रोज मी घालते. तिला मधुमेह आहे. मला वाटतं, त्या डब्याच्या वेळीच पेसमेकरची हृदयात जाणारी वायर सरकली असणार. पुढची तपासणी पाच आठवड्यांनी आहे. तोवर स्लिंग पुन्हा कायमचं बांधावं असं माझं मत. भाऊ म्हणतो, जोर लावून हात वर करून घे, आपोआप सुटेल. यावरून आमची रोज वादावादी होते. आई मात्र काहीच बोलत नाही. आमच्यापैकी कोणाचं बरोबर?

ताई,

आधी लगेच काय करायचं ते सांगते, बाकीचं मग बोलू. स्लिंग पुन्हा बांधू नका. भावाला हात ओढू देऊ नका. आणि पाच आठवडे थांबूही नका. जिथे पेसमेकर बसवला तिथे उद्याच फोन करा. ‘खांदा आखडलाय, रात्री दुखतो, यंत्र आणि वायर एकदा तपासून हवी आहे,’ असं सांगा आणि याच आठवड्यातली वेळ मागा. कार्डावर पुढची तारीख लिहिलेली असते, पण त्याआधी येऊ नका असा तिचा अर्थ नसतो.

मी आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे निदान करणं माझ्या हातात नाही. पण बरीच वर्षं हृदयाच्या रुग्णांचे व्यायाम घेण्यात घालवल्यामुळे तुमचं वर्णन मला ओळखीचं वाटलं. रात्रीचं दुखणं, कानाशी अडणारा हात, मधुमेह, आणि त्याआधी कित्येक आठवडे पोटाशी धरून ठेवलेला हात. हे सगळं एकत्र वाचल्यावर मला पहिला संशय खांद्याचा येतो, वायरचा नाही.

आईंच्या छातीत नेमकं काय बसवलंय ते एकदा डोळ्यांसमोर आणू या, कारण तुमची सगळी भीती तिथे अडकली आहे. कॉलरबोनच्या खाली एक छोटा छेद, कातडीखाली केलेला खिसा आणि त्यात साधारण वीस-तीस ग्रॅम वजनाचं यंत्र. त्यातून एक किंवा दोन वायरी निघून शिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यांत जातात. वायरीचं आतलं टोक एकतर बारीक स्क्रूसारखं हृदयाच्या भिंतीत फिरवून बसवलेलं असतं, नाहीतर मऊ काट्यांनी आतल्या स्नायूंच्या जाळीत अडकवलेलं असतं. वायर शिरेत शिरते तिथे ती खालच्या स्नायूला टाके घालून बांधतात. आणि आत तिला मुद्दाम थोडी ढील ठेवतात. माणूस खोल श्वास घेणार, उठणार, बसणार, हात हलवणार, हे गृहीत धरूनच ती ढील ठेवलेली असते. ताणून बांधलेल्या दोरीसारखी वायर बसवत नाहीत.

सुरुवातीला हे टोक फक्त त्या स्क्रूच्या किंवा काट्यांच्या जोरावर टिकतं. मग शरीर त्याच्याभोवती स्वतःची ऊती धरायला लागतं, आणि साधारण चार ते सहा आठवड्यांत पकड चांगली पक्की होते. म्हणून तेवढा काळ सांगतात की कोपर खांद्याच्या वर नेऊ नका, चार-पाच किलोपेक्षा जड उचलू नका, हाताला हिसका बसू देऊ नका. या सूचनेत उंचीची मर्यादा आहे, वजनाची आहे आणि मुदत आहे. हात हलवायचाच नाही, असं तिच्यात कुठेच नाही. उलट खांद्याच्या पातळीखाली हात पहिल्या दिवसापासून वापरता ठेवायचा असतो. स्लिंग दिलंच तर ते बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांपुरतं असतं, झोपेत नकळत हात डोक्यावर जाऊ नये म्हणून.

मग तुम्हाला ‘हात जपा’ एवढंच का सांगितलं? सांगणाऱ्यालाही दोष द्यायला मन धजत नाही. घरी सोडण्याची गडबड असते, औषधांची यादी समजावून सांगायची असते, टाक्यांची काळजी सांगायची असते. एवढ्या सगळ्यात लांब वाक्याची दोन शब्दांची सूचना होते. ती घरी पोचते तेव्हा मागची मुदत गळून पडलेली असते, आणि ‘वर उचलू नका’ याचं ‘उचलू नका’ आणि त्याचं ‘हलवू नका’ होऊन जातं.

हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवायला लिहीत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मीही एका गृहस्थांना दारापर्यंत सोडताना म्हटलं होतं, ‘हात जपा हं.’ अगदी मायेनं म्हटलं होतं. तीन महिन्यांनी ते परत आले तेव्हा शर्टाची डावी बाही मुलानं घालून दिली होती. रात्री हात वर जाऊ नये म्हणून ते मनगट कमरेला सुती पट्टीनं बांधून झोपत होते. का, असं विचारलं तर म्हणाले, ‘तुम्हीच सांगितलं होतं ना?’ पेसमेकर उत्तम चालू होता. खांदा परत मिळवायला मात्र वर्षाच्या वर गेलं. तेव्हापासून मी प्रत्येकाला आधी काय करायचं ते सांगते, काय टाळायचं ते नंतर, आणि किती दिवस टाळायचं ते कागदावर लिहून देते.

आता त्या डब्याबद्दल. तुमच्या मनाला तो फार लागलेला दिसतोय, आईंच्याही लागला असणार.

वायर सरकते, हे खरं. साधारण शंभरातल्या एक ते तीन जणांच्या बाबतीत तसं होतं, आणि तेही बहुतेकदा अगदी पहिल्या काही दिवसांत. त्यामागे दर वेळी रुग्णाचा हात असतो असंही नाही. टोक जिथे बसवलं ती जागा, तिथल्या स्नायूची ठेवण, ढील कमी किंवा जास्त राहणं, अशी कितीतरी कारणं असतात. किती दिवस आणि किती बंधन, याबाबत सगळ्या रुग्णालयांत एकमत नाही. कुठे दोन आठवडे सांगतात, कुठे सहा, कुठे त्याहून जास्त. लवकर हालचाल सुरू केलेल्या रुग्णांवर काही छोटे अभ्यास झाले आहेत, त्यांत वायर सरकण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. याचा अर्थ तुमच्या डॉक्टरांनी घातलेली मर्यादा मोडा असा नाही, ती पाळायचीच. पण एकदा फळीपर्यंत हात गेला म्हणून अनर्थ झालाच असणार, हे तुम्ही मनात पक्कं धरून बसला आहात त्याला आधार नाही.

दुसरं असं की सरकलेली वायर खांद्याच्या सांध्यात दुखत नाही. तिच्या खुणा वेगळ्या असतात. पूर्वीची चक्कर परत येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, धाप लागते, विलक्षण थकवा येतो. कधी छातीचा किंवा पोटाचा स्नायू ठोक्यासारखा उडत राहतो. कधी उचकी लागते ती थांबतच नाही. नाडीही सांगते: मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. पेसमेकर मिनिटाला कमीत कमी किती ठोके ठेवायला लावलाय तो आकडा बहुतेकदा कागदपत्रांत असतो, नसला तर फोनवर विचारून ठेवा. नाडी सतत त्याच्या खाली लागत असेल तर लगेच कळवा. तुम्ही पत्रात यातलं काहीच लिहिलेलं नाही. आई घरात हिंडत-फिरत असतील आणि सात आठवड्यांत एकदाही चक्कर आली नसेल, तर ही मोठी जमेची बाजू आहे.

तरीही खात्री यंत्र तपासूनच होते, कारण कधीकधी हृदयाचे स्वतःचे ठोके बरे चालू असतात आणि वायरची गडबड बाहेर दिसत नाही. म्हणून तर याच आठवड्यात जा म्हणते. तपासणीला भिण्यासारखं काही नाही. यंत्रावर एक उपकरण धरतात, ते बिनतारी संपर्कानं वायरी कशा चालल्यात, बॅटरी किती आहे, ठोक्यांची नोंद काय आहे ते सगळं वाचतं. टोचाटोची नसते, फार वेळ लागत नाही. गरज वाटली तर छातीचा एक्स-रे काढून वायरीची जागा पहिल्या एक्स-रेशी ताडून बघतात. ते सगळं ठीक निघालं की ‘आता कोपर खांद्याच्या वर नेला तर चालेल का?’ हे स्पष्ट शब्दांत विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

आज घरी एवढं नक्की बघा. जखमेच्या जागी लाली, वाढलेली सूज, गरमपणा, स्राव किंवा अंगात ताप आहे का? दंडापासून बोटांपर्यंत सगळाच हात सुजलाय का, निळसर दिसतोय का, छातीवर त्या बाजूच्या शिरा नव्यानं उठून दिसताहेत का? यातलं काहीही असेल तर वेळ मागत बसू नका, आजच दाखवायला जा. खिशातला संसर्ग किंवा शिरेत झालेली गुठळी घरी बसून बरी होत नाही. खिशात सुई घालून पाणी काढू या, असं कुणी सुचवलं तर पेसमेकरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच होऊ देऊ नका.

खांद्याचं काय होतं ते जरा सविस्तर सांगते. सगळ्या सांध्यांत खांदा सर्वांत मोकळा असतो, कारण त्याच्याभोवतीचं आवरण सैल असतं. हात खाली असताना काखेच्या बाजूला त्या आवरणाच्या घड्या पडतात, हात वर गेला की त्या उलगडतात. भात्यासारखं समजा. हात आठवड्यामागून आठवडे पोटाशी धरून ठेवला की या घड्या उलगडायच्या थांबतात, आवरण जाड होतं, आक्रसतं, आणि मग उलगडू पाहिलं की दुखतं. दुखतं म्हणून माणूस अजून कमी हलवतो. याला फ्रोझन शोल्डर म्हणतात. मधुमेह असलेल्यांना तो जास्त होतो आणि चिवटही असतो. आपल्या गतीवर सोडला तर सुटायला एक ते तीन वर्षं लागू शकतात. सात आठवड्यांवर पकडला तर तुम्ही पुष्कळ लवकर आलात असं मी म्हणेन.

घरी एक साधी परीक्षा करून बघा, यात कोपर खांद्याच्या वर जातच नाही. आईंना आरशासमोर उभं करा. दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटलेली, काटकोनात वाकवलेली, तळवे एकमेकांकडे. आता कोपरं न सोडता दोन्ही हात दार उघडल्यासारखे बाहेर न्यायला सांगा. उजवा हात सहज बाहेर जाईल. डावा पुढेच अडला, आणि तुम्ही हलकेच मदत केली तरी पुढे सरकत नसेल, तर सांधा आखडल्याची ती ठळक खूण आहे. डॉक्टरांना हे जसंच्या तसं सांगा.

आता तुमचा आणि भावाचा वाद. भावाला एक गोष्ट बरोबर दिसली: हात आखडलाय. पण जोर लावून वर करणं म्हणजे आक्रसलेलं आवरण फाडणं. सांध्याला आणखी सूज येईल, आणि दुखऱ्या अनुभवानं आई दुसऱ्या दिवशी हाताला हातसुद्धा लावू देणार नाहीत. शिवाय यंत्राच्या तपासणीआधी असा हिसका कशाला? जोरकस मालिशही नको, निदान यंत्राच्या आसपास तर नाहीच. तुमचं स्लिंग दिसायला सगळ्यात सुरक्षित, पण मला ते जास्त धोक्याचं वाटतं. कारण त्याचा त्रास आज दिसत नाही, पाच आठवड्यांनी दिसेल, आणि तेव्हा तुम्हीच स्वतःला बोल लावाल. हात स्थिर म्हणजे हात सुरक्षित, हे तुम्ही मनात धरलंय, तिथेच मला तुम्हाला थांबवायचंय. पहिल्या काही आठवड्यांत वायरीला थोडं जपणं आणि खांद्याला हलतं ठेवणं ही दोन्ही कामं एकाच वेळी होतात. त्यांचं एकमेकांशी वैर नाही.

तपासणी होऊन परवानगी मिळाली की जवळच्या फिजिओथेरपिस्टकडे जा. तिथे पाय ठेवल्यावर पहिलं वाक्य ‘हिला पेसमेकर आहे’ हे असू द्या, कार्ड दाखवा. खांद्याला शेक देण्यासाठी वापरतात ते शॉर्टवेव्ह डायथर्मीचं यंत्र पेसमेकरच्या माणसाला चालत नाही. कातडीवर पॅड चिकटवून विजेचा सौम्य प्रवाह देतात, ती यंत्रंही हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायची नाहीत. चुंबक असलेले पट्टे तर नकोतच. साधा गरम शेक खांद्याच्या बाहेरच्या बाजूला चालतो, यंत्राच्या जागेवर नको. आणि मधुमेहात कातडीची जाणीव कमी झालेली असू शकते, म्हणून शेकाची ऊब आधी तुमच्या हाताला लावून बघा.

व्यायाम ते शिकवतीलच, तरी कल्पना असावी म्हणून थोडं सांगते. उजवा हात टेबलावर टेकवून पुढे झुकायचं, डावा हात सैल सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा हलकेच झुलवायचा. उताणं झोपून उजव्या हातानं डाव्याचं मनगट धरून, उजव्याच्या बळावर डावा हळूहळू वर न्यायचा. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायची आणि जिथे पोचली तिथे पेन्सिलीची खूण करायची. ती खूण फार उपयोगी पडते. आठवड्यानं ती बोटभर वर सरकलेली दिसली की माणसाला हुरूप येतो. हे सगळं एकदाच अर्धा तास करण्यापेक्षा दिवसातून पाच-सहा वेळा, दर वेळी चार-पाच मिनिटं करणं बरं. ताण जाणवला तर चालेल. पण व्यायाम संपल्यावरही तासभर ठणकत राहिलं, तर उद्या थोडं कमी करायचं. डॉक्टरांनी सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर घाबरू नका. मात्र त्यानं काही दिवस साखर वाढते, म्हणून मधुमेहाच्या डॉक्टरांशी आधी बोलून घ्या.

ज्यांच्या घरी पेसमेकर अगदी आत्ता, या आठवड्यात बसलाय, अशा वाचकांसाठीही थोडं लिहिते. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचं ऐकायचं. बोटं, मनगट, कोपर पहिल्या दिवसापासून हलवा, खांदे गोल फिरवा, चालताना हात नेहमीसारखा झुलू द्या. लिहिणं, जेवणं, दात घासणं, मांडीवर ठेवून कपड्यांच्या घड्या घालणं, हे सगळं त्या हातानं करायला हरकत नाही. पुढून उघडणारे कपडे घाला. घालताना त्या बाजूचा हात आधी बाहीत घाला, काढताना तो शेवटी काढा. केस विंचरताना हात डोक्याकडे नेण्याऐवजी मान वाकवून डोकं हाताकडे आणा. पाण्यानं भरलेली बादली, प्रवासाची बॅग, कडेवर घ्यायचं नातवंड: तेवढे दिवस या गोष्टी दुसऱ्यावर सोपवा. आणि घरच्यांनो, रुग्णाला उठवताना त्या बाजूच्या काखेत हात घालून किंवा मनगट धरून कधी ओढू नका. स्वतः फळीकडे हात नेण्यापेक्षा हे असं मायेनं ओढणं मला जास्त धोक्याचं वाटतं, आणि ते घरोघरी होतं. दुसऱ्या बाजूला उभं राहा, कमरेला आधार द्या. झोपेत वळल्यानं यंत्र निखळत नाही, पण सुरुवातीला दंडाखाली एक मऊ उशी ठेवली की बरं वाटतं. गाडीचा पट्टा टोचत असेल तर मध्ये मऊ रुमाल ठेवा, पट्टा मात्र लावाच. पोहणं, रॅकेटचे खेळ, जिममधली डोक्यावरची वजनं यांची घाई नको, ते विचारून सुरू करा.

एक सवय मात्र लक्ष ठेवण्यासारखी आहे. काही जण कातडीखालचं यंत्र बोटांनी चाचपतात, फिरवतात. असं फिरवत राहिलं तर वायर यंत्राभोवती गुंडाळली जाऊन टोक ओढलं जाऊ शकतं. डॉक्टरांनी १९६८ साली या प्रकाराची पहिली नोंद केली आणि त्याला नावही दिलं. आई नुसता तळहात ठेवत असतील तर राहू द्या, चिमटीत धरून फिरवू नका एवढं सांगा.

बॅटरी संपल्यावर काही वर्षांनी यंत्र बदलतात तेव्हा बहुधा जुन्याच वायरी ठेवतात, त्यामुळे तेव्हा हाताचं पथ्य जखम भरण्यापुरतंच असतं. बिनवायरीचा पेसमेकर मांडीच्या शिरेतून थेट हृदयात बसवतात, त्याला हाताचं पथ्यच नसतं. मात्र तो सगळ्यांना लागू पडत नाही.

तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य माझ्या मनातून जात नाही. आई मात्र काहीच बोलत नाही.

तुम्ही त्यांना न्हाणीघरात पडलेलं पाहिलंत. त्या मिनिटाची भीती अजून तुमच्या अंगात आहे, आणि ती या एका हातावर येऊन बसली आहे. बाकी कशावर तुमचं नियंत्रण नव्हतं, हात मात्र धरून ठेवता येत होता. हे मला पूर्ण समजतं. पण त्यामुळे तो हात आईंचा कमी आणि तुमचा जास्त झालाय. तो कसा ठेवायचा हे तुम्ही ठरवता, तो कसा सोडवायचा हे भाऊ ठरवतो, आणि जिचा हात आहे ती ऐकत बसते. त्यांनी डबा का काढला असेल? बेफिकिरीनं नक्कीच नाही. पेसमेकर बसल्यावर दहा दिवसांत बरं वाटायला लागलं होतं, चक्कर थांबली होती, आपल्याला परत जमतंय असं वाटलं आणि हात गेला. तो बरं होण्याचा क्षण होता, आणि त्यावर आपली मुलगी ओरडली. त्याची माफी मागा असं मी म्हणते. मोठं काही बोलायची गरज नाही. ‘मी घाबरले होते गं, म्हणून ओरडले’ एवढं पुरे आहे. मग त्यांना विचारा की त्यांना कशाची भीती वाटते. कदाचित वायरीची असेल. कदाचित तुम्ही पुन्हा घाबराल याची असेल.

जगातला पहिला पेसमेकर स्टॉकहोममध्ये ८ ऑक्टोबर १९५८ रोजी एका ४३ वर्षांच्या माणसाच्या शरीरात बसवला गेला. त्यांचं नाव आर्ने लार्सन. ते पहिलं यंत्र काही तासच चाललं. पुढे त्यांना वीसहून अधिक यंत्रं बसवावी लागली. ते २००१ पर्यंत जगले, त्यांच्यावर शस्त्रक्रिया करणारे सर्जन आणि यंत्र बनवणारे अभियंता या दोघांच्याही नंतर. त्या काळी छाती उघडून वायरी हृदयावर शिवत असत. आईंच्या वायरी त्या मानानं कितीतरी निश्चिंतपणे बसलेल्या आहेत. हे त्यांना सांगा, भावालाही सांगा.

डॉक्टरांकडे आई स्वतः बोलतील असं बघा. कुठे दुखतं, हात कुठे अडतो, हे तुम्ही त्यांच्या आधी सांगून टाकू नका. प्रश्न कागदावर लिहून कागद त्यांच्याच हातात द्या. भावालाही बरोबर न्या, म्हणजे सूचना दोघांनी एकत्र ऐकलेल्या असतील आणि घरी आल्यावर अर्थाचे दोन तट पडणार नाहीत.

आणि उद्या सकाळी वेणी घालायला बसाल तेव्हा फणी आधी आईंच्या डाव्या हातात द्या. कोपर खांद्याच्या खालीच राहील, मान थोडी डावीकडे झुकवायला सांगा. कानापर्यंत जेवढं विंचरता येईल तेवढं त्यांना विंचरू द्या. हात अडला की तुम्ही फणी घ्या आणि उरलेली वेणी घाला. तपासणीत काय निघालं ते मला कळवा.